दुपारी चारला मुके होणारे फोन : तापमान कुठे मोजायचे आणि धोका कुठे धरायचा

प्रश्न थोडक्यात असा. गोव्याच्या उत्तर भागात किनाऱ्यालगतच्या ६० खोल्यांच्या एका हॉटेलात देखभाल पाहणाऱ्या तरुणाने लिहिले आहे : जिन्याखालच्या खोलीत रॅक आहे. त्यात सर्व्हरवर चालणारे टेलिफोन एक्स्चेंज, खोल्यांसाठी अ‍ॅनालॉग एक्स्टेन्शनची कार्डे, पीओई स्विच (नेटवर्कच्या तारेतूनच यंत्रांना वीजही देणारा) आणि तळाला यूपीएस व बॅटऱ्या. एप्रिलपासून रोज दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास पाच-सहा खोल्यांचे फोन मुके होतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप सुरू होतात. खोल्या रोज वेगळ्या, कार्ड मात्र तेच. लॉगमध्ये पॉवर अलार्म येऊन मॉड्यूल रीसेट झाल्याच्या ओळी दिसतात. पुरवठादाराने कार्ड बदलून दिले, तरी तेच. सर्व्हरचा सेन्सर ५८ अंश दाखवतो. पुरवठादाराचा माणूस म्हणतो, अलार्मची मर्यादा वाढवून टाकू. "सर, तसे करू का? आणि नेमके किती तापमान धोक्याचे धरायचे?"

मर्यादा वाढवू नका. हे आधी सांगतो, कारण बाकीचे उत्तर लांब आहे आणि तोवर कुणीतरी ती वाढवून मोकळा होईल.

तुमचे ५८ अंश सर्व्हरच्या प्रोसेसरचे आहेत. प्रोसेसरला ते काहीच नाहीत. बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचल्यावर स्वतःचा वेग कमी करतात, आणि तसे झाले तर फोन मुके होत नाहीत, आवाज तुटक येतो. म्हणजे तुमच्याकडे तापमानाचा एक आकडा आहे, पण तो भलत्याच अवयवाचा आहे. ताप आलेल्या माणसाच्या चपलेला थर्मामीटर लावल्यासारखे हे झाले. पहिले काम सेन्सर विकत घेण्याचे नाही. हातात असलेला आकडा नेमका कुणाचा, हे शोधण्याचे आहे.

आता कार्डाकडे वळू. खोलीतल्या साध्या फोनला वीज कार्ड पुरवते. सोयीसाठी ४८ व्होल्ट आणि रिसीव्हर उचलल्यावर २५ मिलिअँपिअर धरा. गुणाकार १.२ वॉट. फोन स्वतः ६-७ व्होल्ट घेतो, म्हणजे जेमतेम ०.१५ वॉट. एक्स्चेंजपासून गावाच्या टोकापर्यंत दोन-चार किलोमीटर तार असे तेव्हा उरलेली वीज बरीचशी तारेत जिरायची. हॉटेलात तार ५०-८० मीटर. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या जोडीला एवढ्या अंतरात १५ ओहमसुद्धा विरोध होत नाही. मग उरलेला एक वॉट जातो कुठे? कार्डावरच्या चिपेत किंवा तिच्या शेजारच्या ट्रान्झिस्टरांत उष्णता होऊन बसतो. नवी कार्डे रिसीव्हर उचलताच व्होल्टेज खाली आणतात, त्यामुळे ती कमी तापतात. जुन्या पद्धतीच्या कार्डात मात्र आठ रिसीव्हर उचललेले असले की आठेक वॉट तळहाताएवढ्या जागेत कोंडले जातात.

दुपारी साडेतीनला आठ पाहुणे एकदम फोनवर बोलत नसतात, हे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण जेवून झोपताना कुणी उठवू नये म्हणून रिसीव्हर काढून बाजूला ठेवणारे पाहुणे किती असतात, हे हाउसकीपिंगला विचारा. मी किनाऱ्यावरच्या हॉटेलांत हे इतक्या वेळा पाहिले आहे की दुपारच्या तक्रारीत पहिला संशय माझा तिथेच जातो. बाजूला पडलेला रिसीव्हर म्हणजे चालू संभाषणच. दोन-दोन तास तो कार्डाला तापवत राहतो. एक्स्चेंजमध्ये यावर सोय असते : ठरावीक वेळ नंबर न फिरवता लाइन उघडी राहिली की आधी मोठा ओरडणारा टोन द्यायचा, मग त्या लाइनचा प्रवाह तोडून तिला बाजूला टाकायचे. लाइन लॉकआउट म्हणतात तिला. बऱ्याच ठिकाणी बसवतानाच ती बंद ठेवलेली असते, कारण पाहुण्यांनी टोनबद्दल तक्रार केलेली असते. टोनचा आवाज कमी करा, लॉकआउट चालू ठेवा.

पॉवर अलार्म म्हणजे काय, तेही समजून घ्या. या कार्डांवर बऱ्याचदा दिसणाऱ्या प्रोस्लिक घराण्यातल्या जुन्या चिपा बाहेरच्या ट्रान्झिस्टरांचे तापमान प्रत्यक्ष मोजत नाहीत. त्यांच्यावरचे व्होल्टेज आणि त्यांतला प्रवाह मोजून त्या गुणाकार करतात, आणि तो आकडा एका फिल्टरमधून नेतात. ट्रान्झिस्टर जितक्या संथपणे तापतो, तितक्याच संथपणे तो फिल्टर वर चढतो. हिशेब मर्यादेपलीकडे गेला की लाइन तोडायची. फार हुशार रचना आहे ही, पण तिच्यात एक गृहीत लपलेले आहे. आजूबाजूची हवा अमुक एका तापमानाच्या आत आहे असे धरूनच ती मर्यादा ठरवलेली असते. खोली त्याहून गरम असेल तर चिपेला ते कळत नाही. म्हणजे अलार्म वाजण्याआधीच ट्रान्झिस्टर हिशेबापेक्षा जास्त तापलेला असू शकतो. अशा खोलीत मर्यादा वाढवणे म्हणजे उरलेसुरले कवच काढून टाकणे. ज्या चिपांत आतच तापमानाचा सेन्सर असतो त्या साधारण १५० अंशांच्या आसपास लाइन तोडतात. तिथे मात्र खोलीची उष्णता आपोआप हिशेबात येते.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट मनात पक्की ठेवा. हे आतले संरक्षण चिप जळू नये म्हणून असते. तुमची सेवा बंद पडू नये म्हणून नसते. ते वाजले याचा अर्थ चिप वाचली आणि पाहुण्याचा फोन गेला. पाहुण्याचा फोन वाचवायचा असेल तर त्याच्या बरेच आधी कळवणारे काहीतरी तुम्हालाच उभे करावे लागते.

त्यासाठी माझी पद्धत दोन आकड्यांची आहे. एक, रॅकमध्ये आत शिरणाऱ्या हवेचे तापमान. दोन, मागून बाहेर पडणाऱ्या हवेचे. दोघांतली वजाबाकी म्हणजे यंत्राने हवेला दिलेली उष्णता. हवेला उष्णता वाहून नेण्याची ठरलेली ताकद असते. ३०० वॉटचा भार आणि मिनिटाला १०० घनफूट हवा असेल तर फरक साधारण ५ अंश येतो. हवा निम्मी झाली की फरक दुप्पट होतो. भार तोच असताना वजाबाकी वाढत चालली, तर पंखा किंवा जाळी बिघडली. वजाबाकी जिथल्या तिथे आणि दोन्ही आकडे वर चालले, तर खोली बिघडली. एकच सेन्सर लावणाऱ्याला हे वेगळे करता येत नाही, म्हणून तो एसीवाल्याला बोलावतो तेव्हा पंखा मेलेला असतो आणि पंखा बदलतो तेव्हा एसी गेलेला असतो. चिपेपर्यंतचा सगळा हिशेब बेरजेचाच आहे : शिरणारी हवा ६ अंशांनी वाढली की चिपही जवळपास ६ अंशांनी वाढते.

सेन्सर डीएस१८बी२० घ्या. स्वस्त आहे, लांब तारेवर चालतो, आणि उणे १० ते ८५ अंशांत अर्ध्या अंशापर्यंत अचूक असतो. त्याची एक खोड आधीच सांगून ठेवतो. वीज नुकतीच आली आणि मोजणी व्हायच्या आत वाचला, तर तो बरोबर ८५ सांगतो. वीज गेली-आली की रात्री तीनला ८५ अंशांचा संदेश येऊन माणूस धावत जातो आणि खोली थंडगार. आपल्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून किती वेळा झपकते ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून नेमका ८५.० आला तर तो सोडून पुन्हा वाचायचा, एवढी ओळ प्रोग्रॅममध्ये हवीच. पुढचा सेन्सर रॅकच्या मध्यउंचीवर, जाळीपासून तीन-चार सेंटिमीटरवर हवेत लोंबता ठेवा. पत्र्याला चिकटवू नका, नाहीतर तो पत्र्याचे तापमान सांगेल. मागचा सेन्सर वरच्या बाजूला, कार्डांच्या मागे. एसीचा झोत थेट अंगावर येईल अशा जागी एकही नको.

लेझरच्या ठिपक्याची इन्फ्रारेड बंदूक असेल तर एक काळजी घ्या. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर (चिपेची उष्णता हवेत सोडणाऱ्या पट्ट्यांवर) ती साफ खोटे बोलते, कारण चमकदार धातू स्वतःची उष्णता फार कमी किरणांत सोडतो आणि समोरच्याच वस्तूंची परावर्तित करतो. ७० अंशांचा हीटसिंक ती ४० दाखवेल. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, दोन मिनिटे थांबा, मग टेपवर नेम धरा.

आता तुमच्या कार्डाचा तिढा. कार्ड बदलले तेव्हा नवे त्याच स्लॉटमध्ये आणि त्याच तारांवर बसले, म्हणून त्या बदलातून काहीच कळले नाही. शांत वेळी शेजारच्या कार्डाशी स्लॉटची अदलाबदल करा, प्रत्येक कार्डाच्या तारा त्याच्याबरोबरच राहू द्या. त्रास जुन्या स्लॉटमध्येच राहिला तर तिथे हवा पोचत नाही. टोकाचा, पॉवर सप्लायला खेटून असलेला स्लॉट असेल तर मला नवल वाटणार नाही. त्रास तारांबरोबर गेला तर कारण खोल्यांकडे आहे : उचललेले रिसीव्हर, किंवा ओल धरलेली जोडी. समुद्राच्या खाऱ्या हवेने जंक्शन बॉक्समधल्या जोडण्या हिरव्या पडतात, दोन तारांत बारीक गळती सुरू होते, आणि एक्स्चेंजला तो अर्धवट उचललेला रिसीव्हर वाटतो. फोन काढून, कार्डाकडचे टोकही सोडवून, जोडीतल्या दोन तारांमधला विरोध मोजा. मेगओहमच्या खाली येत असेल तर ती जोडी बदला.

पण रोज चारच वाजता का, याचे उत्तर खोलीतही असू शकते. पणजीत मे महिन्यात दुपारी ३३-३४ अंश असतात. जिन्याखालची खोली, बहुधा पश्चिमेची चिऱ्याची भिंत किंवा वर तापलेला स्लॅब. जाड चिरा आणि काँक्रीट दुपारचे ऊन पिऊन घेतात आणि ते काही तासांनी आत सोडतात. त्यामुळे बाहेर उतार लागलेला असतो तेव्हा आतली खोली चढत असते. त्यात तुमचा यूपीएस. हजार वॉटचा भार ९० टक्के कार्यक्षमतेने चालवणारा यूपीएस शंभरावर वॉट खोलीत टाकतो, आणि तोही तळाशी, म्हणजे ती गरम हवा थेट कार्डांकडे चढते. रॅकमधल्या रिकाम्या जागांना झाकणपट्ट्या लावल्या आहेत का, पाहा. नसतील तर मागची गरम हवा त्या फटींतून पुढे येऊन पुन्हा आत ओढली जाते. दहा रुपयांचा पत्रा चार-पाच अंश उतरवताना मी पाहिला आहे. दार उघडे ठेवून टेबलफॅन लावायचा उपाय मात्र करू नका. त्याने हवेचा मार्ग मोडतो, वाळू आत जाते, आणि ऊब शोधणाऱ्या पाली व मुंग्या कार्डांवर बसतात.

किती अंश धोक्याचे, या प्रश्नाचे उत्तर शिरणाऱ्या हवेच्या भाषेतच द्यावे लागते. डेटा सेंटरांसाठी अ‍ॅश्री ही संस्था १८ ते २७ अंश सुचवते. दूरसंचार एक्स्चेंजांसाठीच्या अमेरिकेतल्या नेब्स मानकात यंत्राने ५ ते ४० अंशांत कायम चालावे अशी अपेक्षा आहे, थोड्या काळासाठी त्याहून वर. तुमच्या कार्डाच्या माहितीपत्रकात जो आकडा असेल तो शेवटचा मानायचा. बहुधा तो ४० किंवा ४५ असेल. मी किनाऱ्यावरच्या जागांना ३२ ला सूचना, ३८ ला धावपळ आणि ४५ ला बिनमहत्त्वाची यंत्रे बंद, असे लावतो. सूचना २९ च्या खाली उतरल्याशिवाय परत बंद होऊ द्यायची नाही, नाहीतर ३२ वर लटकलेली खोली रात्रभर संदेश पाठवत राहते आणि चौथ्या दिवशी माणसे संदेश वाचणे सोडतात. याहून मोलाची एक वेगळी अट : दहा मिनिटांत ५ अंश वाढले तर आकडा कितीही असो, कळवायचे. एसी बंद पडल्याची ती पहिली खूण असते, आणि ३८ गाठायच्या आत तुम्हाला वेळ मिळतो.

संदेश मात्र त्याच एक्स्चेंजमधून फोन लावून येईल असे करू नका. जे मरणार आहे त्यानेच मरणाची बातमी द्यायची, अशी रचना मी तीन ठिकाणी तरी पाहिली. सिमकार्डाचे वेगळे छोटे जीएसएम यंत्र ठेवा, त्याला स्वतःची बॅटरी द्या. आणि रोज सकाळी सातला "ठीक आहे, पुढे इतके, मागे इतके" असा एक संदेश येऊ द्या. तो आला नाही, हाही अलार्मच.

बॅटऱ्यांबद्दल तुम्ही विचारले नाही, पण माझी खरी काळजी तिथे आहे. सीलबंद शिशाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांवर मोजलेले असते, आणि दर ८ ते १० अंशांना ते निम्मे होते. २४ सेलच्या ४८ व्होल्ट संचाला २५ अंशांवर फ्लोट, म्हणजे भरलेल्या संचावर चार्जरने कायम ठेवायचा दाब, साधारण ५४ व्होल्ट लागतो, आणि तापमान चढले की चार्जरने दर अंशाला सुमारे ७२ मिलिव्होल्ट खाली यायला हवे. त्यासाठी बॅटरीच्या अंगाला एक सेन्सर असतो. दक्षिण गोव्यातल्या एका कार्यालयात मी चवथीनंतरच्या सोमवारी गेलो तेव्हा चारही बॅटऱ्या फुगलेल्या होत्या. बसवणाऱ्याने तो सेन्सर बॅटरीला न लावता एसीच्या झोताखाली तसाच लोंबता ठेवला होता. चार्जरला वाटत होते १८ अंश. बंद कपाटातल्या बॅटऱ्या होत्या ३६ वर. फरक १८ अंशांचा, म्हणजे चार्जर सव्वा व्होल्टाहून जास्त चढवून देत होता, सुट्टीचे पाच दिवस, अहोरात्र. तापलेली बॅटरी जास्त प्रवाह ओढते, प्रवाहाने आणखी तापते. या फेऱ्यात ती एकदा सापडली की थांबवणारे आत काही नसते. त्या दिवशी आग लागली नाही, पण खोलीत हायड्रोजन साचलेला असू शकतो या विचाराने दिव्याचे बटणही न दाबता आम्ही आधी दारे-खिडक्या उघडल्या. आजही कपाट उघडताना मी आधी वास घेतो. तुमचा सेन्सर बॅटरीच्या ऋण टोकाला किंवा मधल्या बॅटरीच्या कुशीत घट्ट चिकटलेला आहे का, हे आजच पाहा. फुगलेली एक जरी दिसली तर चार्जिंग बंद करा, खोली मोकळी करा, आणि ती उघडायच्या फंदात पडू नका.

उष्णतेचे दुसरे नुकसान हळू होते. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १०५ अंशांवर २००० तास अशा मापाचे असतात, आणि दर १० अंश कमी केले की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट. ६५ अंशांवर ते ३२,००० तास, म्हणजे साडेतीन वर्षांच्या थोडे वर. ५५ वर त्याच्या दुप्पट. "पॉवर सप्लाय दर तीन-चार वर्षांनी जातोच" असे जे आपल्याकडे म्हटले जाते, त्यामागे एवढेच गणित आहे.

मग एसी १८ वर लावून टाकू, असे म्हणू नका. गोव्यात जून-जुलैत हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. १८ अंशांच्या थंडगार पत्र्यावर दार उघडताच तीच हवा येऊन पाणी धरते, आणि ते खारे पाणी असते. कार्डांच्या सोनेरी टोकांवर हिरवा थर कशाने येतो, असे लोक विचारतात. त्याचे उत्तर हेच. २५-२६ वर ठेवा, दार बंद ठेवा, एसीचे इनडोअर युनिट रॅकच्या डोक्यावर नको. वीज जाऊन एसी पुन्हा आपोआप सुरू होतो का, तेही एकदा मेन स्विच पाडून तपासा. बऱ्याच घरगुती एसींना रिमोट दाबल्याशिवाय जाग येत नाही, आणि जिन्याखालच्या खोलीतला एसी बंद आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

पंख्यांत तीन तारांचा घ्या. तिसरी तार दर फेरीला दोन ठोके देते, त्यावरून वेग कळतो. मिठाने बेअरिंग धरायला लागले की वेग आठवड्या-आठवड्याने उतरतो, महिनाभर आधी सांगून मग पंखा मरतो. बॉल बेअरिंगचाच घ्या. जाळी ऑक्टोबर ते मे पंधरा दिवसांनी धुवा, पावसात बुरशीसाठी तपासा. मजल्यांवरचे पीओई स्विच फॉल्स सीलिंगच्या वर दडवलेले असतील तर तिथेही एक सेन्सर टाका. एका पोर्टमागे १५ वॉटपर्यंत देणारे ते यंत्र कोंडलेल्या जागेत बसलेले असते.

जाता जाता, जुन्या एक्स्चेंजांच्या एमडीएफवर, म्हणजे बाहेरच्या सगळ्या तारा एक्स्चेंजला जोडणाऱ्या चौकटीवर, प्रत्येक लाइनला एक हीट कॉइल असे. लाइनवर वीजवाहिनीचा बारीक प्रवाह चढला की ती छोटी गुंडाळी तापे, कमी तापमानाला वितळणारा सोल्डरचा जोड सुटे आणि लाइन जमिनीला टेकवली जाई. आजच्या संरक्षक मॉड्यूलमधला पीटीसी नावाचा छोटा भाग तेच काम स्वतःचा विरोध वाढवून करतो आणि थंड झाला की परत जुळतो. पण तोही उष्णतेवरच चालतो, त्यामुळे गरम एमडीएफ कपाटात तो कमी प्रवाहालाच तुटतो. तुमचे एमडीएफ उन्हाच्या भिंतीवर असेल तर ते आतल्या भिंतीवर हलवा.

तुमच्यासाठी क्रम असा : आज बॅटरीचा सेन्सर आणि बॅटऱ्यांचे अंग पाहा, लॉकआउट चालू करा. उद्या झाकणपट्ट्या आणि स्लॉटची अदलाबदल. या आठवड्यात दोन सेन्सर. त्यानंतर चौदा दिवसांचे पुढचे आणि मागचे आकडे, दर पाच मिनिटांचे, आणि त्यांच्याशेजारी मुक्या झालेल्या खोल्यांचे नंबर व वेळा लिहून मला पाठवा. त्या तक्त्यात दुपारी अडीच ते पाचच्या ओळी मी आधी वाचेन.